घर पाहायला गेलो, पोती पाहून आलो

भिजवलेल्या भाताच्या तीन पोत्यांमुळे ओली झालेली भिंत पाहून मी बँकेला लेखी कळवलं, की या घराचा पाया खचतो आहे आणि भिंतीखाली बहुधा संडासाची टाकी आहे.

पाया खचत नव्हता. टाकी घराच्या मागे परसात होती, सिमेंटच्या झाकणाखाली, सगळ्यांना दिसेल अशी. घराच्या मागच्या बाजूचा फोटो मी त्या झाकणावर उभं राहूनच काढला होता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण शहापुरात कुणी ना कुणी तुम्हाला हा किस्सा सांगणारच आहे. त्यातल्या एका आवृत्तीत मी त्या टाकीत पडतो. तेवढं खोटं आहे.

मी व्हॅल्युअर होतो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत तीसेक वर्षं मी बँकांसाठी घरांच्या किमती ठरवल्या. लोक मला विचारायचे, घर विकणारा विकतो, घेणारा घेतो, मधे तुमचं काय काम? काम असं, की घेणारा बँकेचं कर्ज काढतो आणि उद्या तो हप्ते भरू शकला नाही तर बँकेच्या हातात ते घरच उरतं. म्हणून बँक आधी एक तिऱ्हाईत माणूस पाठवते. तो टेप लावून खोल्या मोजतो, चारी बाजूंनी फोटो काढतो, हद्दी बघतो, बांधकाम परवानगी आणि घरपट्टीची पावती बघतो, आसपासची घरं कितीला गेली ते काढतो आणि शेवटी एक आकडा लिहितो. आकड्याखाली ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. माझी सगळी कारकीर्द त्या रकान्यात झाली आणि बुडालीही तिथेच.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही घर बघतो. आम्ही घरापुढे काय मांडून ठेवलंय ते बघतो. हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. मुरबाडकडच्या एका गृहस्थाने हॉलच्या भिंतीवर ओळीने पाच देवांची पाच कॅलेंडरं लावली होती. मी भाविकपणे हात जोडले आणि भिंत चांगली असल्याचं लिहून दिलं. वर्षभराने बँकेचा अधिकारी मला तिथे घेऊन गेला, त्याने दत्ताचं कॅलेंडर बाजूला केलं आणि मागच्या भेगेत आपलं बोट पेरापर्यंत घालून दाखवलं. बोट तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

खर्डी स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने मला भरपूर पोहे खाऊ घातले आणि आतल्या खोलीचं बंद दार दाखवून सांगितलं, की मंडळी झोपलीय. मी सभ्य माणूस. ती खोली मी न बघताच धरली, दारावरून अंदाज करून मापही टाकलं. पुढे कळलं की ती खोली शेजाऱ्याची होती. झोपलेली मंडळीसुद्धा.

असे चटके बसले की माणूस संशयी होतो, आणि संशयाची सवय लागली की ती कामापुरती राहत नाही. ताज्या रंगाचा वास आला की मी भिंतीवर टकटक करायला लागायचो. उदबत्ती लावलेली दिसली की मी ओलीचा वास हुडकायचो. एकदा बायकोने आमच्याच स्वयंपाकघराला रंग काढला, तर मी घरात पाऊल टाकताच विचारलं, काय झाकलंस? त्यावर ती काय म्हणाली ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

तर अशा ऐन भरातल्या संशयी काळात, पाचसहा पावसाळ्यांपूर्वी, माझ्याकडे शहापुरातल्या जुन्या कॉलनीतलं एक घर आलं.

बाजारपेठेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर ही कॉलनी आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी काही शिक्षक, ग्रामसेवक, कंपाउंडर अशा पगारी माणसांनी लहान लहान प्लॉट घेऊन तिथे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे परस अशी घरं बांधली. आता मधून मधून चारमजली इमारती उठल्यात आणि उरलेली बैठी घरं त्यांच्या पायाशी बसून आहेत. एखाद्या जोडप्याला पहिलं घर घ्यायचं असेल, इमारतीतला फ्लॅट नको असेल आणि बंगल्याची ऐपत नसेल, तर अशा घराकडे ते येतं. आमच्या धंद्यात सगळ्यांत अवघड घर हेच. चाळीस वर्षांचं बांधकाम कागदावर जवळजवळ संपलेलं असतं. किंमत असते जमिनीला. तोडायला घेणारा एक भाव देतो, राहायला घेणारा दुसरा. आणि मला लिहायचा असतो एकच.

घर विकत होत्या कमलबाई. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स, निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला. डोळखांबकडच्या शेतकरी घरातल्या. कॉलनीत आणि बाजारात सगळे त्यांना ‘सिस्टर’ म्हणायचे. लेकीकडे नाशिकला जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं. घर घेत होती सारिका, त्याच दवाखान्यातली तरुण नर्स. तिचं माहेर खर्डीच्या पलीकडच्या वाडीवर. आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे, पावसाच्या तोंडावर परत यायचे. राहत्या झोपडीची जागा दुसऱ्याची; मालकाने सांगितलं की झोपडी उचलून पलीकडे न्यायची. तिच्या लहानपणी असं तीन वेळा झालं होतं. आश्रमशाळेत शिकून ती नर्स झाली. नवरा गणेश कसाऱ्याला हायवेवर क्रेन चालवायचा आणि दोघं आसनगावात भाड्याच्या एका खोलीत राहत होती. तिच्या घराण्यात आजवर कुणाच्या नावावर घराचा कागद झालेला नव्हता. हा पहिला होणार होता.

मला मात्र यातलं काही दिसलं नाही. मला दिसली ठरलेली किंमत. ती आसपासच्या भावापेक्षा इतकी कमी होती की माझे कान टवकारले गेले. त्यात घरावर कमलबाईंच्या दिराचंही नाव. त्याला एक एजंट जास्त भाव देत होता, घर तोडून इमारत बांधायला. तरी बाई म्हणत होत्या की सारिकालाच देणार. दिराचं नुकसान त्या स्वतःच्या हिश्श्यातून भरून देणार होत्या. दिराने एवढीच अट घातली, की नारळी पौर्णिमेपर्यंत पोरीचं कर्ज झालं तर ठीक, नाहीतर घर एजंटला. त्यानंतर तो सही करायला येणार नव्हता.

हे सगळं फायलीत लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि मनाशी म्हटलं, स्वतःच्या हिश्श्यातून पदरमोड करून कोण घर विकतं? काहीतरी गाडलेलं आहे. ते मी काढणार.

आषाढातला पावसाचा दिवस होता. मी गेलो. स्लॅब पाहिला, कुठे गळत नव्हता. भिंतींवर बोटांच्या पेरांनी टकटक केली, भरीव. दारं सागवानी, चौकटी सरळ. शहाबादी फरशी एका पातळीत. घर जसजसं चांगलं निघत गेलं तसतसा मी अस्वस्थ होत गेलो. कमलबाई मागोमाग येत होत्या आणि काहीच झाकत नव्हत्या, हेही मला खटकलं. एवढ्या वर्षांत भेटलेल्या सगळ्या विक्रेत्यांपेक्षा ही बाई पोचलेली दिसते असं वाटलं.

मग आम्ही आतल्या खोलीत गेलो. या खोलीला खिडकी नव्हती. मी बॅटरी लावली आणि मला गुन्ह्याची जागा सापडली.

समोरच्या भिंतीला लागून तीन पोती रचलेली. खाली पेंढा, वर पेंढा, त्यावर ओली गोणपाटं, त्यावर घोंगडी आणि घोंगडीवर वजनाला चक्क पाटा. पोत्यांच्या वर वीतभर भिंत ओलीकाळी झालेली. खोलीत आंबूस वास.

मी विचारलं, हे काय?

कमलबाई म्हणाल्या, “भात. माझ्या भावाचं बी आहे. त्याचा राब गाळाखाली गेला ओ, ओढा शिरला शेतात. आता मोड आणून टाकणार. त्याच्याकडं घरात गारठा, म्हणून हितं आणलं. हलवू नका हां, वारा लागला का बसतंय ते, मोड येत नाय.”

आता इथे माझ्या अर्धवट ज्ञानाबद्दल सांगायला हवं. माझा जन्म कल्याणातला. पण भाताच्या मुलखात तीस वर्षं हिंडल्यावर भाताची सगळी माहिती आपल्याला आहे, असा माझा समज होता. भात राबात पेरतात, रोप वर आलं की उपटून चिखलात लावतात, हे मी शहरातल्या पाहुण्यांना दरवर्षी खिडकीतून बोट दाखवून समजावून सांगायचो. रोपं वाहून गेली की घाईघाईने बी भिजवून, पोत्यात भरून, उबेत दडपून दोन दिवसांत मोड काढतात आणि तेच चिखलात फेकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. त्यामुळे मला वाटलं, भात शेतात पेरतात. झोपायच्या खोलीत, पाट्याखाली, घोंगडी पांघरून कोण पेरतं? थाप मारायची तर निदान पटेल अशी मारावी.

बाई चहा टाकायला गेल्या. मी पाटा उतरवला, घोंगडी वर केली, गोणपाट आणि पेंढा सारला आणि पोत्यामागून हात घालून थेट भिंतीला लावला. भिंत गरम होती.

मी हात बाहेर काढला. उभ्या आयुष्यात मी गार ओल पाहिली होती, मीठ फुटलेली ओल पाहिली होती, शेवाळाची पाहिली होती. गरम ओल कधी पाहिली नव्हती. गरम, ओलसर, वर आंबूस वास. माझं डोकं अशा वेळी फार वेगाने चालतं. भिंतीखाली मैल्याची टाकी आहे, ती कुजतेय, उष्णता वर येतेय, पाया मऊ झालाय, म्हणून किंमत कमी, म्हणून पोती, म्हणून पाटा. सगळं जुळलं. इतकं छान जुळलं की मला बाईंच्या धाडसाचं कौतुकच वाटलं.

पोती हलवायची नाहीत म्हटल्यावर मी टेप दाराकडच्या भिंतीपासून पोत्यांपर्यंत लावला, माप टिपलं आणि बाहेर आलो. पुढे ते पोत्यांमागचं अंतर मिळवायचं राहूनच गेलं, पण ते मला फार नंतर कळलं.

कमलबाई चहा ठेवून आत डोकावल्या. घोंगडीची जागा बदलली होती. त्यांनी पेंढा नीट केला, गोणपाट कडेने खोचलं, घोंगडी घातली. हे सगळं ज्या हातांनी केलं ते हात मी आता विसरत नाही. जन्मभर तान्ही पोरं दुपट्यात गुंडाळलेले हात होते ते. मग त्यांनी मला विचारलं, हात कुणी घातला?

मी म्हटलं, मांजर असेल.

“आमच्याकडं मांजर नाय,” त्या म्हणाल्या. मी चहा प्यायलो.

घरी येऊन मी आकडा खाली ओढला आणि शेरा लिहिला. तो मला अजून पाठ आहे: ‘आतील खोलीच्या भिंतीस गंभीर स्वरूपाची ओल असून ती झाकण्यासाठी विक्रेत्याने हेतुपुरस्सर सामान रचलेले आढळले. पाया खचल्याची व भिंतीखाली मैलाटाकी असल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ यातलं ‘नाकारता येत नाही’ माझं फार लाडकं. या तीन शब्दांच्या आड उभा राहून मी आयुष्यात कधी सापडलो नव्हतो. त्या रात्री मला झोपही छान लागली.

बँकेने कर्ज थांबवलं.

चार दिवसांनी सारिका माझ्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे तहसीलसमोरचा एक गाळा. ड्युटी संपवून, दवाखान्याच्या कपड्यांतच आली होती. ती रडली असती, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या आणि भांडणाऱ्या कर्जदारांची मला सवय होती. तिने पर्समधून शेऱ्याची झेरॉक्स काढली, टेबलावर ठेवली आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हेतुपुरस्सर म्हणजे मुद्दाम ना?

मी हो म्हटलं.

“सिस्टरांनी मुद्दाम कायच केलं नाय, सर. ते भात होतं. परवा टाकलं पण त्यांच्या भावाने.”

मग तिने मला मोड कसे आणतात, मोड येताना पोतं कसं तापतं ते सगळं सांगितलं, पेशंटच्या नातेवाइकाला औषध समजावून सांगतात तसं, न चिडता. नारळी पौर्णिमेपर्यंतच वेळ आहे, हेही सांगितलं. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हिला बाईंनी चांगलं पढवून पाठवलंय. शेवटी मी माझा हुकमी प्रश्न टाकला. घर इतकं स्वस्त का देतायत त्या? तुला कधी विचारावंसं वाटलं नाही?

“नाय विचारलं, सर,” ती म्हणाली. “आमच्यात कोण काय देत असंल तर का देतोस म्हणून विचारत नाय. विचारलं का माणूस परत विचार करतो.”

मी तिला ‘बघतो’ म्हणालो. सरकारी आणि बँकेच्या कामात ‘बघतो’ म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असावं. ती उठली, झेरॉक्स घडी करून परत पर्समध्ये ठेवली आणि गेली. मी त्यानंतर आठ दिवस काहीच बघितलं नाही. माझ्या सगळ्या मूर्खपणात या आठ दिवसांची मला खरी लाज वाटते. भात ओळखता आलं नाही, हे मी हसत सांगतो. हे आठ दिवस मला हसत सांगता येत नाहीत. मला शंका आलेली होती, आणि ती यावेळी माझ्याचबद्दल होती, म्हणून मी ती दाबून ठेवली.

आठव्या दिवशी धो धो पाऊस लागला. मी मनाशी म्हटलं, आजच जावं. गळती असेल तर आज लपणार नाही. म्हणजे बघा, अजूनही मी चूक सुधारायला निघालो नव्हतो, बाईंना पकडायला निघालो होतो. न कळवता गेलो. छत्रीचं पाणी ओट्यावर झटकून सरळ आतल्या खोलीत शिरलो.

पोती नव्हती. भिंत ठणठणीत कोरडी होती. मी तिला तळहात लावला, पालथा हात लावला, नखाने चुना खरवडला, खाली बसून नाक लावलं. बाहेर आभाळ फाटलेलं आणि इथे नाकाला नुसती धूळ. बॅटरी खाली धरली तेव्हा फरशी आणि भिंतीच्या सांध्यात पाचसात पिवळट, बारीक पाती उभी दिसली. पोत्यातून सांडलेले दाणे तिथे पडले होते आणि उजेड नसतानाही उगवले होते. ती भाताची रोपं आहेत, हे मला ओळखता आलं. पाहुण्यांना मी रोपंच दाखवायचो ना.

कमलबाई माझ्या मागे उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. भिंतीला नाक लावलेलं त्यांनी नक्की पाहिलं होतं.

टाकी बघायचीय का, त्यांनी विचारलं आणि छत्री घेऊन मला परसात नेलं. झाकणाकडे बोट करून म्हणाल्या, हिच्यावर उभं राहून तुम्ही फोटो काढलात. मी मान डोलावली. मग मी भाताचं विचारलं. ज्या पोत्यामागे हात गेला, त्याच्या एका अंगाला मोड आलेच नव्हते; भावाच्या शेताचा एक कोपरा रिकामा राहिला होता. मी भरपाईचं काहीतरी पुटपुटलो.

“भाताचं सोडा,” बाई म्हणाल्या. “पोरीचं बघा. दिवस किती रायले?”

तेरा राहिले होते.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. व्हॅल्युअरने आकडा खाली आणला तर त्याला कुणी काही विचारत नाही. काळजीपूर्वक काम करतो म्हणतात. आकडा वर नेला की सगळ्यांचे डोळे बारीक होतात. मी तीस वर्षांत एकदाही वर नेला नव्हता. सुधारित अहवालाचे मी तीन कच्चे कागद फाडले. नुसतं ‘पुनर्पाहणीत ओल आढळली नाही’ लिहावं, तर कुणीही विचारील की आषाढातली ओल श्रावणाच्या पावसात वाळली कशी? शेवटी मन घट्ट करून लिहिलं, की पूर्वी नोंदवलेली ओल ही लगत ठेवलेल्या बियाण्याच्या अंकुरणामुळे होती, आणि मैलाटाकी परसात आहे; आकडाही वर नेला.

बँकेच्या मॅनेजरने ते दोनदा वाचलं. हा माणूस नवीन आला तेव्हा घर कसं बघायचं, कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हे मीच त्याला चहा पीत पीत शिकवलं होतं. चांगला विद्यार्थी होता. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, तुमचा आकडा वर गेलेला मी पहिल्यांदाच बघतोय. पार्टी भेटली होती का तुम्हाला?”

पार्टी भेटली होती. माझ्या ऑफिसात येऊन बसली होती. मी तसं सांगितलं तर त्याचा चेहरा आणखी बदलला. मी पोत्यांचं सांगायला लागलो, पेंढ्याचं, घोंगडीचं, पाट्याचं. बोलता बोलता मलाच ऐकू यायला लागलं की हे किती खोटं वाटतंय. मी हातवारे करून घाम पुसत खरं सांगत होतो आणि समोरचा माणूस शांतपणे माझ्यामागे काय झाकलंय ते शोधत होता. टेबलाच्या त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. तिथली खुर्ची फार टोचते.

मॅनेजरने ठरवलं की कल्याणहून दुसरा व्हॅल्युअर बोलवायचा. त्याला यायला आठ दिवस लागणार होते. उरलेल्या दिवसांत मी रोज काही ना काही निमित्ताने कॉलनीवरून गेलो. एकदा एजंट ओट्यावर उभा राहून स्वतःच्या टेपने प्लॉटची रुंदी मोजत होता आणि दीर टेपचं दुसरं टोक धरून होता. एकदा सारिका दिसली. ड्युटीवरून येऊन ओट्याच्या पायरीवर बसली होती, आत न जाता. बाईंनी आतून हाक मारली, तरी उठली नाही. मी एका सायकलवाल्याच्या आड झालो.

कल्याणहून आल्या त्या तिशीतल्या एक मॅडम होत्या. मला तिथे हजर राहायला मनाई होती, म्हणून मी समोरच्या चहाच्या टपरीवर छत्री आडवी धरून उभा राहिलो, म्हणजे कुणाला ओळख पटू नये. अर्ध्या तासात मॅडम बाहेर आल्या आणि सरळ रस्ता ओलांडून माझ्या छत्रीपाशी आल्या. माझा अहवाल त्यांच्या हातात होता. त्यांनी विचारलं, आतली खोली तुम्ही दहा बाय आठ लिहिलीय, ती तर दहा बाय दहा आहे, हे कसं?

मी म्हटलं, तिथे पोती होती.

“म्हणजे तुम्ही पोत्यांपर्यंत मोजलंत?”

मी छत्री मिटली. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन काढून माझ्या अहवालावर आठाचा दहा केला, टपरीवाल्याला एक चहा सांगितला आणि तो माझ्याच शेजारी उभं राहून प्यायल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की घर उत्तम आहे आणि अशी किंमत कुणी देत असेल तर त्या पोरीचं नशीब. संशयाचा एक शब्द नाही. नवीन लोकांना धंदा कळत नाही असं मी तेव्हाही मनात म्हणालोच. सवय सहज जात नाही.

कर्ज पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मंजूर झालं आणि खरेदीखत आदल्या दिवशी नोंदलं गेलं, हे सांगून टाकतो. आज त्या घरात सारिका, गणेश आणि त्यांची लहान मुलगी राहतात. आतल्या खोलीला त्यांनी खिडकी पाडून घेतलीय. सिस्टर नाशिकला असतात आणि भात लावणीला भावाकडे येतात. पण नोंदणीच्या दिवशीची पाच मिनिटं सांगायची राहिलीत.

त्या दिवशी मी नोंदणी कार्यालयात होतो. महिन्यात झालेले व्यवहार बघायला मी तिथे नेहमी जायचो, त्यात काही विशेष नव्हतं; त्या दिवशी सकाळी दहालाच गेलो होतो, एवढंच विशेष. बाकावर सगळी मंडळी बसली होती. कमलबाई, त्यांचा भाऊ, घड्याळात बघणारा दीर, इस्त्रीचा शर्ट घातलेला गणेश आणि मांडीवर फाईल दोन्ही हातांनी धरून बसलेली सारिका. नंबर पुकारला गेला आणि लक्षात आलं की साक्षीदार दोन लागतात. एक बाईंचा भाऊ होता. दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर येणार होता, तो अजून रिक्षातच होता. दीर म्हणाला, आज झालं तर झालं, उद्या मी येणार नाय. सारिकाचा चेहरा उतरलेला मी लांबून पाहिला.

मी पुढे झालो. घसा साफ केला, आधार कार्ड काढलं आणि म्हटलं, मी करतो साक्षीदाराची सही, मला सगळा व्यवहार माहीत आहे. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं. सारिकाने कमलबाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, पेशंट तपासावा तसं. मग दाराबाहेर कंपाउंडरची रिक्षा दिसतेय का ते पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“ह्यांना नको गो, सारके. समोर असलेलं दिसत नाय ह्यांना, साक्ष कसली देतील.”